किनाऱ्यावरचं घर नांदतं हवं

समुद्रकाठी राहायला जायचा विचार मनात येतो तो बहुतेक वेळा भर हंगामात. चार दिवसांची सुट्टी असते, पायांना अजून वाळू लागलेली असते, संध्याकाळचा उजेड रेंगाळत असतो आणि परतीची बॅग भरताना कुणीतरी म्हणतं, "इथंच येऊन राहायला काय हरकत आहे?" आमच्या घरातही हे वाक्य कितीदा तरी बोललं गेलं आहे. त्या ओढीत खोटं काही नसतं. समुद्राजवळ माणसाला बरं वाटतं आणि जिथं बरं वाटतं तिथं राहावंसं वाटणं यात काही गैर नाही. पण आपण ते गाव पाहिलेलं असतं त्याच्या बारा महिन्यांपैकी दोन-अडीच महिन्यांत. उरलेल्या साडेनऊ महिन्यांत तिथं कोण असतं, शाळेत किती मुलं उरतात, रात्री छातीत दुखायला लागलं तर कोण धावून येतं, हे सुट्टीत कळत नाही. कळण्याचं कारणही नसतं.

हा आता एकेका कुटुंबाच्या निवडीचा प्रश्न राहिलेला नाही. २० एप्रिल २०२४ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांवर हजारो रहिवासी 'कॅनरीला मर्यादा आहे' असं म्हणत रस्त्यावर उतरले. त्याच उन्हाळ्यात मायोर्का बेटावर आणि बार्सिलोनातही मोर्चे निघाले. त्यांच्या तक्रारीच्या मुळाशी घर होतं. जिथं जन्मलो, जिथं नोकरी करतो, तिथंच भाड्यानंसुद्धा घर मिळत नाही, हे त्यांचं दुखणं. यावर दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणतं, बाहेरच्यांना येऊ देऊ नका. दुसरं म्हणतं, ज्याचा पैसा त्याचं घर, त्यात सरकारनं नाक खुपसू नये. मला दोन्ही चुकीची वाटतात. माझं म्हणणं सरळ आहे. किनाऱ्यावर कुणीही यावं, कुठूनही यावं. पण भर वस्तीतलं घर घेतलं तर ते वर्षभर नांदतं ठेवायला हवं. स्वतः राहून, नाहीतर वर्षभर राहणाऱ्या भाडेकरूला देऊन. आणि ही अट मालकाच्या चांगुलपणावर न सोडता कायद्यानं घालायला हवी.

नांदतं म्हणजे काय, ते हंगाम उलटल्यावर अशा गावातून संध्याकाळी एक फेरी मारली की समजतं. गल्लीत वीस दारं. दिवेलागणीनंतर उजेड दोन किंवा तीन खिडक्यांत. बाकीच्या खिडक्यांना आतून पडदे, बाहेरून मिठाचा पांढुरका थर. दाराशेजारी भिंतीवर मुठीएवढी लोखंडी डबी, तिच्यावर आकड्यांची चार चाकं. पाहुण्यानं आकडे जुळवायचे, चावी काढायची, जाताना परत ठेवायची. मालक आणि पाहुणा यांची एकमेकांशी गाठच पडत नाही. डबीचे स्क्रू खाऱ्या हवेनं गंजलेले आणि त्यांच्याखाली भिंतीवर तांबूस ओघळ. पत्रपेटीत जाहिरातींची भेंडोळी ओली होऊन फुगलेली. अशा गल्लीत कुणी मुद्दाम वाईट वागलेलं नसतं. प्रत्येक घर कुणाच्या तरी आवडीनं घेतलेलं असतं. पण वीस आवडी एकत्र आल्या आणि गल्ली मेली.

बंद घरावर समुद्र जास्त लवकर चालून येतो, हेही घर घेणाऱ्याला फारसं कुणी सांगत नाही. खाऱ्या हवेतले क्लोराइडचे कण काँक्रीटमध्ये झिरपत झिरपत आतल्या सळईपर्यंत पोचतात. सळई गंजली की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट होतं, ते आतून दाब देतं आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटायला लागतात. राहत्या घरात पहिली बारीक भेग कुणाच्या तरी नजरेला पडते, खिडक्या रोज उघडतात, ओल वाळते, बिजागरीला तेल पडतं. कुलूप लावलेल्या घरात आठ-नऊ महिने ओल कोंडून राहते आणि भिंतीला बुरशी धरते. घराला माणूस लागतो असं जुनी माणसं म्हणत, ते किनाऱ्यावर शब्दशः खरं आहे.

घरांचं जे होतं तेच गावाचं. वेल्समध्ये ग्विनेद् परगण्यात अबेरसोख नावाचं किनाऱ्यावरचं खेडं आहे. उन्हाळ्यात होड्या, गर्दी, गाडी लावायला जागा नाही अशी स्थिती. या गावातली जवळपास शंभर वर्षांची प्राथमिक शाळा २०२१च्या डिसेंबरअखेर बंद झाली, कारण पटावर दहासुद्धा मुलं उरली नव्हती. घरं होती, चांगली रंगवलेली, महागडी घरं होती. त्यांत मुलं राहत नव्हती. ही शाळा वेल्श भाषेची होती आणि ग्विनेद् हा त्या भाषेचा बालेकिल्ला. २०२१च्या जनगणनेत सबंध वेल्समध्ये १७.८ टक्के लोक वेल्श बोलणारे निघाले, ग्विनेद्मध्ये ६४.४ टक्के. अशा ठिकाणी शाळेला कुलूप लागतं तेव्हा गाव आपली भाषा पुढच्या पिढीच्या हाती देण्याची एक जागाच गमावतं. आपली बोली जिला प्रिय आहे अशा कुणालाही हे दुःख समजावून सांगावं लागू नये.

आणि माणसांवाचून नुसती शाळाच अडत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्याला वाचवण्याचं काम 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' ही १८२४ साली स्थापन झालेली धर्मादाय संस्था करते. तिची दोनशेहून अधिक केंद्रं आहेत आणि बोटीवर जाणारी माणसं बहुतांशी स्वयंसेवक असतात. कुणी प्लंबर, कुणी शिक्षिका, कुणी मासेमार, कुणी दुकानात काम करणारा. कमरेला पेजर. तो वाजला की हातातला पाना तिथंच टाकायचा आणि धावत सुटायचं. खबर मिळाल्यापासून दहा मिनिटांत बोट पाण्यात असावी, असं त्या संस्थेचं उद्दिष्ट. दहा मिनिटांत बोट पाण्यात उतरवायची तर माणूस बोटघरापासून हाकेच्या अंतरावर राहायला हवा. बंदरालगतच्या गल्लीतलं घर त्याला परवडलं नाही आणि तो दहा-बारा मैल आत राहायला गेला की त्याची पोहण्याची तयारी, लाटांची समज, त्याचं धैर्य यांचा काही उपयोग नाही. आग विझवणाऱ्यांचंही तेच. छोट्या गावांत पूर्णवेळ अग्निशमन दल नसतं. हाकेला ओ देणारे रहिवासीच बंबावर चढतात आणि त्यासाठी त्यांनी काही मिनिटांच्या अंतरावर राहावं लागतं.

मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. ऑगस्टमध्ये हवेनं फुगवलेल्या गादीवर पहुडलेलं एखादं मूल ओहोटीबरोबर आत ओढलं जातं, तेव्हा त्याला परत आणणारा माणूस जानेवारीतही त्या गावात राहत असतो म्हणूनच ते मूल परत येतं. पाहुण्याचा जीव रहिवाशाच्या घरावर अवलंबून आहे. बंदरापाशी जितकी घरं सुट्टीपुरती उरतील, तितका समुद्र त्या सुट्टीवाल्यांनाच अधिक धोक्याचा होईल. हा हिशेब मालमत्तेच्या जाहिरातीत नसतो, पण तो खरा आहे.

आता रागाबद्दल. स्थानिकांच्या रागाला जागा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण राग कुणाकडे वळतो ते पाहिलं पाहिजे. वेल्समध्ये १९७९च्या डिसेंबरपासून नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत 'ग्लिंदूरचे पुत्र' या नावाच्या गुप्त गटानं (ग्लिंदूर हा इंग्रजांविरुद्ध उठाव केलेला मध्ययुगीन वेल्श पुढारी) सुट्टीची घरं जाळण्याची मोहीम चालवली. दोनशेहून अधिक जागी आगी लावल्या गेल्या. त्या आगींनी एकाही तरुण जोडप्याला घर मिळालं नाही. इंग्रज विरुद्ध वेल्श अशी भिंत मात्र उभी राहिली. आणि खरा फरक तिच्यामागे झाकला गेला. इंग्लंडमधून येऊन वेल्श शिकलेला, पोरं तिथल्या शाळेत घातलेला माणूस त्या गावाच्या बाजूचा आहे. उलट तिथंच जन्मून, वडिलांचं घर रिकामं ठेवून ते आठवड्याच्या बोलीनं पाहुण्यांना देणारा आणि स्वतः राजधानीत राहणारा मुलगा त्या गावाचं तितकंच नुकसान करतो, जितकं बाहेरचा करतो. जन्मदाखला पाहून यातलं काहीच कळत नाही. वर्षात किती रात्री त्या घरात दिवा लागतो, हे पाहिलं तर कळतं.

जन्माचा किंवा वास्तव्याचा नियम करणारी ठिकाणंही आहेत. बाल्टिक समुद्रातल्या ओलांद बेटांवर, फिनलंडच्या सत्तेखाली पण स्वीडिश भाषेचं रक्षण करणाऱ्या त्या स्वायत्त प्रदेशात, जमीन मोकळेपणी विकत घ्यायला 'हेमबिग्द्सरेत' म्हणजे तिथल्या रहिवासाचा हक्क लागतो. बाहेरून आलेल्या फिनिश नागरिकाला तो पाच वर्षं राहिल्यावर आणि भाषा पुरेशी आल्यावर मिळू शकतो. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर साधारणपणे दहा वर्षं राहिल्यावर घर विकत घेण्याचा अधिकार येतो. हे नियम कडक आहेत आणि मोठ्या देशांना जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. तरी त्यांच्यात एक शहाणपण आहे. दार बंद नाही. राहून दाखवा, असं ते म्हणतात.

याच्या अगदी उलट गोष्ट काही सरकारांनी केली आणि तीही मोठ्या उत्साहानं. पोर्तुगालनं २०१२ साली गुंतवणुकीच्या बदल्यात निवासाचा परवाना द्यायची योजना आणली. तिच्यात घर खरेदीचा मार्ग होता, घर सर्वसाधारणपणे किमान ५ लाख युरोंचं. परवाना टिकवायला देशात किती राहायचं? सरासरी वर्षाला सात दिवस. म्हणजे निवासाचा परवाना अशा माणसाला, ज्यानं तिथं निवास करण्याची गरजच नाही. स्पेननंही ५ लाख युरोंचं घर घेणाऱ्यांसाठी अशीच वाट उघडली. पुढे घरभाडी आकाशाला भिडली, लोक रस्त्यावर आले आणि मग पोर्तुगालनं २०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्यातला घर खरेदीचा मार्ग बंद केला. स्पेननं एप्रिल २०२५ मध्ये ती योजनाच गुंडाळली. दहा वर्षांहून अधिक काळ राज्यसंस्थाच सांगत होती की घर म्हणजे पैसे ठेवायची पेटी. मग एखाद्या कुटुंबानं तेच मानलं तर सगळा दोष त्या कुटुंबाच्या माथी मारणं न्यायाचं नाही.

'माझ्या पैशाचं घर, ते रिकामं ठेवीन नाहीतर भरून, तुम्हाला काय?' या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण तो प्रामाणिकपणे विचारला जातो. उत्तर जमिनीखाली आहे. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी थोडं जड. दोघांच्या घनतेतला फरक इतका कमी आहे की भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा साठा राहू शकतो. हे गणित घीबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडलं. त्याची उलटी बाजू भयंकर आहे. उपसा करून वरची पातळी एक मीटर खाली आणली, की खालून खारं पाणी कालांतरानं चाळीस मीटर वर सरकू शकतं. उपसा सर्वाधिक कधी होतो? पाऊस नसताना, गर्दी असताना, तरणतलाव भरताना. विहीर खारी होते ती मात्र बाराही महिन्यांसाठी. तिचं पाणी पुन्हा गोडं व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

गटारांचं, मैलापाणी शुद्धीकरणाचं, कचऱ्याचं, रस्त्यांचं गणितही असंच. सगळं बांधावं लागतं ऐन हंगामातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाच्या मापानं आणि वर्षभर सांभाळावं लागतं तिथं उरलेल्या थोड्यांनी. म्हणून बंद घर हे कुणाचं खासगी प्रकरण राहत नाही. ते गावाच्या नळाला, नालीला, बोटीला जोडलेलं असतं. जो जोडलेला आहे त्याला गावानं काही विचारलं, तर त्यात नाक खुपसणं काही नाही.

विचारायचं कसं, यावर बरेच प्रयोग झाले आहेत आणि त्यांतल्या चुकांतूनही शिकण्यासारखं आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज या किनाऱ्यावरच्या गावानं २०१६च्या मे महिन्यात मतदान घेतलं. नवीन बांधलेलं घर केवळ मुख्य राहतं घर म्हणूनच वापरता येईल, या अटीला ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. तत्त्व उत्तम होतं. पण अट फक्त नव्या घरांना. झालं असं की सुट्टीच्या घराचे ग्राहक जुन्या घरांकडे वळले, बिल्डरांचा नव्या बांधकामातला रस आटला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी हाच निष्कर्ष काढला. बंदीचे विरोधक हे उदाहरण नेहमी पुढे करतात आणि त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अर्धं दार लावलं तर वारा दुसऱ्या अर्ध्यातून येणारच. पण म्हणून दार लावूच नये, हे त्यातून निघत नाही. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीतल्या लोकांनीही २०२२ साली अशाच अटीच्या बाजूनं ९० टक्क्यांहून जास्त मतं दिली. तो कौल बंधनकारक नव्हता, तरी लोकांच्या मनात काय आहे ते त्यात दिसलं.

वेल्सनं जास्त विचार केला. एप्रिल २०२३ पासून तिथल्या स्थानिक परिषदांना दुसऱ्या, म्हणजे राहत्या घराखेरीज घेतलेल्या, घरावर नेहमीच्या घरपट्टीच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो, म्हणजे एकूण चौपट. नियोजनाच्या कायद्यात राहतं घर, दुसरं घर आणि थोड्या दिवसांच्या भाड्याचं घर असे तीन निरनिराळे वर्ग केले गेले. ग्विनेद् परिषदेनं १ सप्टेंबर २०२४ पासून राहत्या घराचं सुट्टीचं घर करायला आधी परवानगी घ्यावी लागेल असा नियम लागू केला. त्यावरून कोर्टकचेरीही झाली, होणारच होती. पण मला वेल्सचा एक बारकावा विशेष महत्त्वाचा वाटतो. घरपट्टी चुकवायची तर घर 'व्यवसाय' म्हणून नोंदवायचं आणि छोट्या व्यवसायाची सवलत मिळवून शून्य कर भरायचा, ही पळवाट इंग्लंड आणि वेल्स दोन्हीकडे होती. इंग्लंडनं त्यासाठी वर्षात किमान ७० रात्री घर प्रत्यक्ष भाड्यानं गेलं पाहिजे अशी अट घातली. वेल्सनं १८२. सत्तर रात्री म्हणजे एक उन्हाळा. १८२ म्हणजे अर्धं वर्ष. तेवढ्या रात्री भरायच्या तर खरोखर धंदा करावा लागतो, नुसतं नाव लावून भागत नाही. चांगला कायदा आणि देखाव्याचा कायदा यांतला फरक कित्येकदा अशा एका आकड्यात असतो.

या सगळ्यांत मला सर्वांत पटलेला नियम नॉर्वेचा. तिथं दक्षिण किनाऱ्यावर क्रागेरो, रिसोर अशी लाकडी पांढऱ्या घरांची देखणी जुनी बंदरं आहेत. उन्हाळ्यात सगळ्या देशाला तिथं जायचं असतं. अशा नगरपालिकांना कायद्यानं 'बूप्लिक्त' म्हणजे राहण्याचं बंधन लावता येतं. जे घर वर्षभर राहण्यासाठी वापरात होतं ते विकलं गेलं, तरी पुढेही वर्षभर राहण्यासाठीच वापरायचं. सुट्टीपुरतं ठेवायचं असेल तर खास परवानगी मागायची. यातली खरी सुंदर गोष्ट ही की मालकानं स्वतःच राहावं असा हट्ट नाही. भाडेकरू राहिला तरी चालतं. बंधन माणसावर नाही, घरावर आहे. मालक ऑस्लोचा असो की परदेशातला, गाव फक्त एवढंच विचारतं की हिवाळ्यात या घरातून धूर निघतो का. त्यातही पळवाटा काढल्या जातात, नावाला पत्ता नोंदवून प्रत्यक्षात न राहणारे असतात, आणि पालिकेनं तपासणीत कुचराई केली तर नियम कागदावर राहतो. तरीही दिशा बरोबर आहे. सुट्टीसाठी म्हणून बांधलेल्या कॉटेजना हे बंधन लागत नाही, हेही योग्यच. पाहुण्यांना जागा हवीच. ती शाळेशेजारच्या आणि बोटघराशेजारच्या घरांत नको.

याविरुद्ध एक आक्षेप मला खरोखर अडवतो. गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याकडे एवढी एकच मिळकत असते. बाहेरच्या श्रीमंत गिऱ्हाइकाला घर विकून त्यांना म्हातारपणाची सोय करायची असते. राहण्याचं बंधन आलं तर किंमत पडेल. हे नुकसान खरं आहे आणि ते गरिबाचंही होऊ शकतं. स्वित्झर्लंडनं २०१२च्या सार्वमतात दुसऱ्या घरांवर २० टक्क्यांची मर्यादा घातली. ती डोंगरातली गोष्ट, पण शिकण्यासारखी; तिथं बांधकामाच्या रोजगाराला फटका बसल्याचं अभ्यासकांनी दाखवलं आहे. माझं उत्तर असं की नियम टप्प्याटप्प्यानं यावा आणि दुसऱ्या घरांवरच्या अधिभारातून येणारा पैसा परिषदेनं अशीच घरं वाजवी दरात विकत घेऊन वर्षभराच्या भाडेकरूंना देण्यासाठी वापरावा. त्यामुळे विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि घर गावात राहील. अधिभार सर्वसाधारण तिजोरीत गडप झाला तर मात्र ती नुसती दंडवसुली होईल आणि गाववाल्यांचा तिच्यावरचा विश्वास उडेल.

दुसरा आक्षेप जे खरंच राहायला जातात त्यांच्याबद्दलचा आहे, आणि माझ्या बाजूच्या लोकांनी तो टाळू नये. २०२० नंतर घरून काम करता येऊ लागलं. क्रोएशियानं २०२१ साली, पोर्तुगालनं २०२२च्या ऑक्टोबरमध्ये, स्पेननं २०२३ साली दूरून काम करणाऱ्यांसाठी खास परवाने सुरू केले. हा माणूस वर्षभर राहतो, माझ्या अटीत बसतो. पण त्याचा पगार महानगराचा असतो आणि घर मात्र हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बाईशी स्पर्धा करून घेतो. तोही भाव चढवतो. म्हणून राहण्याचं बंधन पुरेसं नाही; काही घरं तिथल्या कामाच्या मिळकतीशी बांधलेली हवीत. जर्सीशेजारच्या ग्वर्न्सी बेटानं घरांचे दोन बाजारच वेगळे केले आहेत, बाहेरून येणाऱ्यांना मोकळेपणी घेता येतील अशी थोडी घरं एका बाजूला आणि बाकीची स्थानिक रहिवाशांसाठी. प्रत्येक ठिकाणी ते जमणार नाही. पण स्पेनच्या इबीथासारख्या बेटावर हंगामात काम करणारी माणसं गाड्यांत आणि तंबूंत राहतात, हे चित्र पाहिल्यावर काहीच करू नका म्हणणाऱ्याचं मला नवल वाटतं. दुसऱ्याच्या सुट्टीची चादर बदलणाऱ्या माणसाला स्वतःचं छप्पर नसावं, ही लाजेची गोष्ट आहे.

आणि जो निवृत्तीनंतर समुद्रकाठी जायचं म्हणतो त्याच्यासाठी एक गोष्ट कळकळीनं. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी २०२१चा आपला वार्षिक अहवाल खास किनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या आरोग्यावर लिहिला. तिथं वयस्क लोक जास्त, आजार जास्त आणि रुग्णांच्या प्रमाणात तज्ज्ञ डॉक्टर सुमारे १५ टक्के, परिचारिका ७.४ टक्के कमी. डॉक्टर आणि परिचारिकांनाही घर लागतंच. किनाऱ्याच्या गावाला अर्ध्या दिशांना जमीनच नसते. मदत येते ती एकाच बाजूनं, बहुधा एकाच रस्त्यानं, आणि उन्हाळ्यात तो रस्ता तुंबलेला असतो. जायचं ठरवलं असेल तर आधी वर्षातला सर्वांत उदास महिना निवडून तिथं तीन-चार आठवडे भाड्यानं राहा. रुग्णवाहिका कुठून येते ते विचारा. बस हिवाळ्यातही चालते का पाहा. शाळेचा पट किती आहे तो पाहा, मुलं मोठी झाली असली तरी. समुद्राकडेही नीट पाहा. १९०१ ते २०१८ या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली आणि वाढीचा वेग वाढतोच आहे. वेल्समधलं फेअरबोर्न हे गाव या शतकाच्या मध्यापुढे राखता येणार नाही असा इशारा तिथल्या परिषदेनंच दिला आणि त्या एका वाक्यानं लोकांच्या घरांना गिऱ्हाईक मिळेना. इतकं सगळं पाहूनही मन तिथंच ओढ घेत असेल तर नक्की जा. अशा गावांना तुमची गरज आहे. तुमचं वय, तुमची भाषा, तुमचं मूळ गाव काहीही असो.

फक्त घर घेताना एक करा. विकणारा ते पाहुण्यांना देत असेल तर दाराशेजारची ती चावीची डबी पहिल्या आठवड्यात काढून टाका. स्क्रू गंजलेले असतील, थोडं तेल घालून रात्रभर ठेवावं लागेल. डबी निघाल्यावर भिंतीत चार भोकं राहतात. ती बुजवायला गावातलाच गवंडी बोलवा आणि तो काम करत असताना त्याला विचारा, तो स्वतः कुठं राहतो.